टाकी भरली की गळते

आमच्याकडचं पेट्रोल निळं असतं. छोट्या पिस्टन इंजिनच्या विमानांत जातं ते, ॲव्हगॅस १०० एलएल. जेट विमानांचं इंधन म्हणजे जवळपास रॉकेलच, त्याला असा रंग नसतो, पण ॲव्हगॅसमध्ये मुद्दाम निळा डाय घालतात, भरणाऱ्याला बघताक्षणी कळावं आणि टाकीत भलतंच काही जाऊ नये म्हणून. हँगरमध्ये काम करणाऱ्याला मात्र त्या निळ्याचा दुसराच उपयोग होतो. पेट्रोल उडून जातं आणि रंग मागे राहतो. पांढऱ्या पंखाखाली कुठे फिकट निळसर ओघळ दिसला की समजायचं, काहीतरी बाहेर आलंय. कधी आलं, किती आलं आणि मुख्य म्हणजे कुठून आलं, यातलं काहीही तो डाग सांगत नाही.

हे ‘कुठून’ प्रकरण फार वाईट. त्याबद्दलच लिहायचं मनात होतं.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये एएमई आहे, म्हणजे विमानाची देखभाल करून ‘हे उडायला योग्य आहे’ अशी सही करणारी इंजिनियर (आत्याला अजून वाटतं मी एअर होस्टेस आहे, आता मी सांगणं सोडलंय). रनवेच्या तिन्ही बाजूंना ऊस, एका बाजूला हँगर, हँगरात सेसना १७२ उभ्या. ज्यांनी कधी पाहिली नसेल त्यांच्यासाठी, चार सीटचं, एका इंजिनचं, पंख डोक्यावर असलेलं विमान, १९५० च्या दशकापासून बनतंय आणि जगातल्या निम्म्या पायलट लोकांनी पहिला धडा यातच गिरवला असेल असं मला उगीच वाटतं. पंख वर असल्यामुळे दोन्ही टाक्याही वर, पेट्रोल आपल्या वजनानेच खाली येतं. आमच्याकडच्या मॉडेलला प्रत्येक पंखात साधारण १०६ लिटर मावतं.

आणि इथेच गंमत आहे. टाकी म्हणून वेगळा डबा या मॉडेलमध्ये नसतोच. पंखाचाच एक कप्पा, पुढचा स्पार, मागचा स्पार (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळया), दोन बाजूंच्या रिब (पंखातल्या आडव्या फासळ्या), वर-खाली पत्रा, आणि प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक रिव्हेटवर आतून सीलंटचा, म्हणजे फटी बुजवणाऱ्या रबरी लेपाचा, थर. वजन वाचतं, जागा वाचते. पण पंख उडताना वाकतो, उतरताना झटके खातो, आणि आमच्याकडे तर विद्यार्थी सकाळपासून टच-अँड-गो करत असतात, म्हणजे उतर, पुन्हा उड, पुन्हा उतर, त्यातली काही लँडिंग अशी असतात की हँगरमध्ये बसून आवाजावरून कळतं. वरून मे महिन्याचं ऊन. त्या सांध्यांमधलं सीलंट कधी ना कधी थकणारच, यात आश्चर्य काही नाही.

तर एका विमानाला स्नॅग आला, म्हणजे बिघाडाची नोंद. इन्स्ट्रक्टरने लिहिलं होतं, उजव्या पंखाच्या मुळाशी, मागच्या बाजूला, खाली निळा डाग. तिथून जवळच एक ड्रेन आहे, म्हणजे टाकीतलं पेट्रोल खालून काढायची छोटी झडप. या विमानाला तेरा ड्रेन असतात, प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन, उड्डाणाआधी प्रत्येकातून थोडंसं पेट्रोल पारदर्शक कपात काढून बघायचं, पाणी आहे का, कचरा आहे का, रंग बरोबर आहे का. ड्रेनच्या ओ-रिंग झिजतात किंवा कणभर घाण अडकून झडप नीट बसत नाही, त्यामुळे डाग दिसला की सगळ्यांचा पहिला संशय ड्रेनवर, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तो बरोबरही निघतो. आधीच्या शिफ्टने ओ-रिंग बदलली, पुसलं, एंट्री केली, विमान उडायला दिलं. काही दिवस कोरडं. मग पुन्हा डाग, तिथेच.

आमच्याकडे एक ज्येष्ठ टेक्निशियन आहेत, हवाई दलातून रिटायर होऊन आलेले, साताऱ्याकडचे. त्यांना सगळे सार्जंटच म्हणतात, अगदी चीफ इन्स्ट्रक्टरसुद्धा. त्यांनी डाग पाहिला, वास घेतला आणि म्हणाले, “पोरी, कौलारू घरात राहिलीयेस का कधी? पाणी जिथं टपकतं तिथलं कौल फुटलेलं नसतं. पार वर कुठंतरी फुटलेलं असतं, पाणी वाशावरनं घरंगळत येतं आणि भलत्याच ठिकाणी पडतं. आपण खालनं बघून तिथलंच कौल बदलत बसतो.”

सेसनाचे पंख टोकाकडे किंचित वर उचललेले असतात. म्हणजे पंखाच्या आत कुठेही थेंब सुटला, अगदी बाहेरच्या टोकाला सुटला, तरी तो उतारावरून मुळाकडेच येणार. आणि मुळापाशी आल्यावर त्याला जिथे पहिली फट मिळेल तिथून तो बाहेर डोकावणार. मुळाशी दिसलेला डाग हा खरं तर पूर्ण पंखाचा डाग असतो.

गळतीच नसलेली गळती हाही एक प्रकार आहे, तो आधी बाजूला काढावा लागतो. टाक्यांना हवा आत घेण्यासाठी व्हेंट असतो, १७२ ला तो डाव्या पंखाखाली, स्ट्रटच्या (पंखाला खालून आधार देणाऱ्या तिरक्या दांडीच्या) मागे, छोटीशी नळी. सकाळी गारव्यात टाकी काठोकाठ भरली आणि विमान दुपारी उन्हात उभं राहिलं की पेट्रोल फुगतं, ढोबळ मानाने दर डिग्रीला हजारात एक भाग, म्हणजे शंभर लिटरला वीस डिग्री चढली तर दोन लिटर, ते जाणार कुठे, व्हेंटमधून टपकतं. विमान थोडं तिरकं उभं असेल आणि फ्युएल सिलेक्टर, म्हणजे कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणारा खटका, ‘बोथ’वर राहिला असेल तर वरच्या पंखातलं पेट्रोल खालच्या पंखात उतरतं आणि पुन्हा बाहेर. म्हणून तर पार्क करताना सिलेक्टर लेफ्ट किंवा राइटवर ठेवा म्हणतात, आणि विद्यार्थी ते विसरतात, आणि मग सकाळी कोणीतरी धावत येतं की विमान गळतंय. दुसरा प्रकार टाकीच्या झाकणाचा. पंखाच्या वरच्या बाजूला उडताना हवेचा दाब कमी असतो, झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर तिथून पेट्रोल हवेत अक्षरशः शोषलं जातं. जमिनीवर एक थेंब गळत नाही. झाकणामागे पंखाच्या वरच्या पत्र्यावर निळी रेघ तेवढी दिसते, पण ती बघायला वर चढायला हवं, आणि उंच पंखाच्या विमानात चढायचा कंटाळा करणारे पायलट मी भरपूर पाहिलेत.

आमचा डाग उजवीकडे होता, त्यामुळे व्हेंटला दोष देता येईना. झाकण पाहिलं, रबर मऊ होतं, रेघ नव्हती. गेजचा सेंडर, म्हणजे टाकीतली पातळी मोजणारा भाग, टाकीच्या मुळाकडच्या भिंतीत बसवलेला असतो, त्याची गॅस्केट हा तिसरा नेहमीचा आरोपी. फेअरिंग (सांध्यावरचं पातळ आवरण) काढून पाहिलं, तिथे कोरडं ठणठणीत.

मग मी हँगरमधलं सगळ्यात कंटाळवाणं काम केलं, लॉगबुक वाचलं. कुठल्या दिवशी संध्याकाळी किती पेट्रोल भरलं, रात्री विमान कुठे उभं होतं, सकाळी प्रीफ्लाइटला, म्हणजे उड्डाणाआधीच्या तपासणीत, कोणी काय लिहिलं. आणि चित्र दिसायला लागलं. क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे लांबच्या उड्डाणाच्या, आदल्या संध्याकाळी टाक्या फुल केल्या की सकाळी डाग. लोकल सर्किटसाठी (रनवेभोवतीच्या फेऱ्यांसाठी) निम्म्यावर भरलं की काही नाही, कितीही उडवा. ओ-रिंग बदलल्यावर जे काही दिवस कोरडे गेले ते ओ-रिंगमुळे नव्हेच, त्या दिवसांत टाकी फुल झालीच नव्हती!

ड्रेन टाकीच्या तळाशी असतो. तो गळत असेल तर निम्म्या टाकीलाही गळेल. भरल्यावरच गळतं म्हणजे भोक वर आहे, आणि पंख टोकाकडे चढता असल्यामुळे ‘वर’ म्हणजे बाहेरच्या टोकाकडे. आता शोधायची जागा हातभर उरली. दोन-अडीच तास वही चाळण्यात गेले, पण त्या वहीने वाचवलेलं काम मोजलं तर सौदा स्वस्तातला होता.

पंखाखालचे इन्स्पेक्शन पॅनेल उघडले, टाकी फुल केली, मागच्या स्पारच्या पलीकडच्या पोकळीत आरसा आणि टॉर्च घालून बघत बसलो. टॉर्च साधा चालत नाही, ठिणगी न पडणारा सेफ्टीवाला लागतो, मोबाईल बाहेर ठेवायचे, विमानाला अर्थिंगची वायर, हँगरची दारं सताड उघडी कारण ॲव्हगॅसची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचून राहते. थेंब दिसेपर्यंत थांबलो तर डोळे फुटतील, म्हणून सार्जंटांनी संशयाच्या सगळ्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली. साधी, बाळांची. कोरडी पावडर पांढरी राहते, ओल लागली की लगेच गडद वाट उमटते, आणि ती वाट कुठून सुरू होते तेही दिसतं. टोकाकडची रिब आणि मागचा स्पार जिथे मिळतात त्या वरच्या कोपऱ्यातून एक बारीक ओली रेघ निघाली, स्पारच्या कडेने उतरली आणि मुळाकडे चालायला लागली. बघता बघता पावडरीतून ती सरकताना दिसत होती. मला फार आनंद झाला, का ते नीट सांगता येणार नाही. गळती सापडल्याचा आनंद होणं तसं विचित्रच आहे.

इथे ऑपरेशन्सवाल्यांशी आमचं भांडण. त्यांचं म्हणणं, एवढासा थेंब आहे, वीकेंडनंतर करा, मुलांचे तास अडकलेत. त्यांचंही चूक नाही, कमर्शियल पायलट लायसन्सला २०० तास लागतात, एकेका तासाला मुलांच्या आईवडिलांनी कर्ज काढलेलं असतं. आणि एक गोष्ट खरी की अशा गळतीने विमानाचं पेट्रोल संपत नाही. सेकंदाला एक थेंब धरला तरी तासाला पाव लिटरसुद्धा होत नाही, इंजिन तेवढ्या वेळात तीस-पस्तीस लिटर पितं. मॅन्युअलमध्येही गळतीचे चार प्रकार दिलेत, स्टेन (नुसता डाग), सीप (पाझर), हेवी सीप आणि रनिंग लीक (वाहती गळती), आणि पाऊण इंचाच्या आतला स्टेन, तो उघड्यावर, हवेशीर जागी असेल तर लगेच विमान थांबवा असं कोणी म्हणत नाही, लक्ष ठेवा म्हणतात. पण बंद पोकळीतली गळती असेल तर आकाराचा प्रश्नच नाही, दुरुस्ती आधी, उड्डाण नंतर. तिथे वाफ साचते. आणि उजव्या पंखातच फ्लॅपची (पंखामागच्या खाली उतरणाऱ्या झडपांची) इलेक्ट्रिक मोटर असते, वायरिंग असतं. विमान ग्राउंड झालं. चीफ इन्स्ट्रक्टरने एक शब्द न बोलता रोस्टर बदललं, याबद्दल मला त्यांचा आदर आहे.

पेट्रोल संपवणारी गळती वेगळी. २४ ऑगस्ट २००१ ला कॅनडाच्या एअर ट्रान्सॅट कंपनीचं एअरबस ए३३० टोरोंटोहून लिस्बनला जात होतं, अटलांटिकवर सगळं इंधन गेलं, दोन्ही इंजिनं बंद पडली, आणि कॅप्टन रोबेर पिशे आणि त्यांच्या सहवैमानिकाने ते मोठ्ठं विमान साधारण १९ मिनिटं इंजिनाशिवाय आणून अझोर्स बेटांवरच्या लाजेस विमानतळावर उतरवलं, ३०६ माणसं वाचली. ही गोष्ट सगळे सांगतात, सांगायलाच हवी. पण मी ती वाचते ती अलीकडच्या टोकाकडून. काही दिवस आधी उजवं इंजिन बदललं होतं, त्यात हायड्रॉलिकची नळी एका आवृत्तीची आणि इंधनाची नळी दुसऱ्या आवृत्तीची बसली, दोघींमध्ये पुरेसं अंतर राहिलं नाही, घासून घासून इंधनाची नळी फाटली. बसवणाऱ्यांना जे बुलेटिन, म्हणजे उत्पादकाचं सूचनापत्र, बघायचं होतं ते त्या वेळी कॉम्प्युटरवर उघडलं नाही. आणि वर हवेत वैमानिकांना दिसलं काय, तर दोन पंखांतल्या इंधनात फरक. तो फरक मिटवायला त्यांनी क्रॉसफीड, म्हणजे दोन्ही बाजूंचं इंधन जोडणारा मार्ग, उघडला आणि डावीकडचं चांगलं इंधनही गळणाऱ्या बाजूला जायला लागलं. जे दिसलं त्याचाच इलाज झाला. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत, रात्री समुद्रावर तसे आकडे बघून मी काय केलं असतं कुणास ठाऊक. पण ड्रेनची ओ-रिंग बदलणं हे त्याच कुळातलं आहे, फक्त आमच्याकडे खाली जमीन होती.

तर दुरुस्ती. टाकी रिकामी केली, वाफ जाईपर्यंत हवा खेळवली, आणि त्यात भरपूर वेळ गेला कारण रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. मग झाकणाऐवजी प्लग, व्हेंट बंद, आणि टाकीत हवेचा दाब, तोही अर्ध्या पीएसआयच्या वर नाही. अर्धा पीएसआय म्हणजे काहीच नाही, पाण्याच्या १४ इंचाच्या स्तंभाएवढा, म्हणून गेजवर विसंबण्यापेक्षा यू आकाराच्या पारदर्शक नळीत पाणी भरून मोजायचं. घाई करून कॉम्प्रेसरची हवा सरळ सोडली तर पंखच फुगवून ठेवाल. साबणाचं पाणी लावलं, कोपऱ्यावर बुडबुडे आले. खात्रीसाठी उलटंही केलं, आतून साबण आणि बाहेरच्या फटीवर हलकी हवा, कारण बाहेर पडायची जागा आणि आतली सुरुवात या दोन्हींत टाकीच्या भिंतीतच वीतभर अंतर असू शकतं. आत हात घालायचं काम माझ्याकडे आलं. ॲक्सेस होलमधून सार्जंटांचा हात कोपरापर्यंत जातो आणि अडकतो, माझा खांद्यापर्यंत जातो, बांगड्यांच्या मापाचा असाही उपयोग होतो असं ते म्हणाले. सीलंटची कड बोटाला लागली, उठलेली, नखाएवढी. बस तेवढीच.

बाहेरून लिंपून टाकणारेही लोक असतात. स्वस्त पडतं, अर्ध्या तासात होतं, फोटोत छान दिसतं. माझ्या लेखी ही दुरुस्तीच नाही. आतल्या सीलंटला पेट्रोलचा दाब भोकात आणखी घट्ट ढकलतो, बाहेरच्या लेपाला तोच दाब उचकटून काढतो. आणि तो लेप टिकलाच तर आणखी वाईट, पेट्रोल सांध्याच्या आतल्या आत पुढे सरकतं आणि लांब कुठेतरी दुसरा दरवाजा शोधतं. मग पुढच्या माणसाने वही चाळली तरी त्याला काही कळणार नाही.

जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या स्क्रेपरने काढलं, लोखंडी पात्याने पत्र्यावर चरा पडतो आणि त्या चऱ्यातून पुढे भेग जाते. घट्ट धरलेला भाग लागेपर्यंत मागे गेलो, कडा उतरत्या केल्या. मग एमईके नावाच्या सॉल्व्हंटने साफ, आणि ते आपोआप वाळू द्यायचं नाही, ओलं असतानाच स्वच्छ कापडाने पुसायचं, नाहीतर विरघळलेला चिकटा परत तिथेच बसतो. सीलंट पॉलिसल्फाइडचं, दोन भागांचं, बी-२, म्हणजे मिसळल्यापासून दोन तास हातात. सडक्या अंड्यासारखा वास, जो अंगाला घरापर्यंत येतो. बाहेरून मागवावं लागतं आणि येतं तेव्हा एक्सपायरी जवळ आलेली असते, त्यामुळे हातात पडल्यावर पहिली तारीख बघायची. (ॲव्हगॅसही बरीच वर्षं बाहेरूनच यायचं, २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीतून ते द्यायला सुरुवात केली.) रेघा न राहता एकसारखा रंग येईपर्यंत घोटलं, आधी पातळ हात सांध्यात दाबून, मग वरून भरीव. आत हवेचा बुडबुडा अडकला तर सगळं पाण्यात.

उरलेलं थोडं कपात ठेवायचं, त्यावर वेळ लिहायची. आतलं सीलंट पिकलं का हे आत बोट घालून बघायचं नसतं, कपातलं बघायचं. कपातलं कडक रबर झालं की आतलंही झालं. गरमी आणि दमट हवेत लवकर होतं, थंडीत रेंगाळतं. या काळात रोज कोणी ना कोणी येऊन कपाला बोट लावून जायचं, ऑपरेशन्सची मुलगी तर चहा घेऊन यायची आणि कपाकडे बघून परत जायची.

पुन्हा प्रेशर टेस्ट, साबण, बुडबुडा नाही. टाकी काठोकाठ, विमान रात्रभर उभं, पोकळीत नवी पावडर. सकाळी पांढरी. तरी सही लगेच नाही, कारण जमिनीवर पंख वाकत नाही. पहिल्या उड्डाणानंतर पॅनेल परत उघडले, पावडर पाहिली, मग बंद केले. लॉगबुकात या सगळ्याच्या तीन ओळी झाल्या, पार्ट नंबर आणि बॅच नंबर धरून. मी एक चौथी ओळ वाढवली, टाकी फुल असतानाच गळत होतं म्हणून. मॅन्युअल ती मागत नाही. पुढे कधी कोणी वही चाळेल तेव्हा त्याला लागेल.

आता त्याच विमानाच्या डाव्या पंखाखाली, स्ट्रटजवळ, एका रिव्हेटभोवती बारीक निळं वलय आलंय. उघड्यावर आहे, पाऊण इंचाच्या बरंच आत, पुसल्यावर तेवढंच परत येतं, वाढत नाही. नोंद केलीय, प्रत्येक शिफ्टने बघायचंय, पुढच्या शंभर तासांच्या इन्स्पेक्शनला टाकी उघडू. नवा ट्रेनी त्याची कड आखायला पेन्सिल घेऊन आला होता. पेन्सिलच्या ग्राफाइटने ॲल्युमिनियम गंजतं हे त्याला सांगितलं, तर म्हणाला, मॅडम, पण हे तर पेंटवर आहे. सार्जंटांनी त्याच्या हातातली पेन्सिल काढून स्वतःच्या कानावर ठेवली आणि त्याला स्टोअरमध्ये मार्कर आणायला पाठवलं.